ओट्यासाठी दगड कोणता घ्यावा? ठेकेदार न लावता काम करणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात जुना टू बीएचके फ्लॅट, एल आकाराचा ओटा, बिल्डरने बसवलेला ग्रॅनाइट सिंकपाशी तडकलाय. ठेकेदार न नेमता सामान स्वतः आणायचं, गवंडी आणि मोल्डिंगवाला (दगड कापून त्याच्या कडा घासून देणारा) रोजावर लावायचा आणि खाली ट्रॉल्या करून घ्यायच्या. बाथरूममधला बेसिनचा काउंटर मात्र सुट्टीच्या दिवसांत स्वतःच्या हाताने करायचाय. तुम्हाला पांढरा क्वार्ट्झ आवडलाय, सासूबाई म्हणतात काळा ग्रॅनाइटच घ्या. बजेट बेताचं आहे.

मत आधी सांगते, कारणं मागाहून. स्वयंपाकघरात गडद रंगाचा, घट्ट दाण्याचा ग्रॅनाइट घ्या. बाथरूमसाठी त्याच ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा किंवा मोठी व्हिट्रिफाइड टाइल वापरा. सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते फक्त सवयीपोटी आलेलं नाही. पांढऱ्या क्वार्ट्झचा मोह मला कळतो. लहान स्वयंपाकघर त्याने खरंच उजळतं. पण तुम्ही ज्या पद्धतीने काम करणार आहात त्या पद्धतीला तो साजेसा नाही.

दगडाच्या दुकानात जाण्याआधी घरी एका गोष्टीचा निकाल लावा. तुमच्याकडे ओटा धुतात की पुसतात? बऱ्याच मराठी घरांत रात्रीचं आवरून झालं की शेगडी बाजूला करून ओट्यावर पाणी ओततात, घासणीने घासतात आणि पाणी सिंककडे लोटतात. कॅटलॉगमधले ओटे पुसायच्या हिशोबाने काढलेले असतात. तिथे दगडाखाली प्लायवूडचे डबे असतात आणि दगड थेट त्यांच्यावर चिकटवलेला असतो. असा ओटा रोज धुतला तर भिंतीच्या सांध्यातून आणि सिंकच्या कडेने पाणी खाली उतरतं. प्लाय चांगल्या प्रतीचं असलं तरी त्याच्या कापलेल्या कडा पाणी पितात आणि काही वर्षांत फुगतात. तुमच्या घरात धुण्याची पद्धत असेल तर ती मोडायच्या भरीला पडू नका. उभे कडाप्पे घालून गवंडी कामाचा ओटा करा आणि त्यांच्या मधल्या कप्प्यांत स्टीलच्या ट्रॉल्या बसवा. मॉड्युलरचा बहुतेक फायदा मिळतो, शिवाय खालचं काही कुजत नाही.

आता दगड. ओट्यावर रोज येणाऱ्या चार गोष्टी दगडाची परीक्षा घेतात: आंबट, हळद-तेल, तापलेलं भांडं आणि साचलेलं पाणी. दुकानदार जे काही सांगेल ते ऐकून घ्या, पण प्रत्येक दगडाचा हातभर नाही तर निदान वीतभर तुकडा मागून आणा. मोल्डिंगवाल्याकडे असे तुकडे पडलेलेच असतात, कुणी नाही म्हणत नाही. घरी आणून धुऊन पूर्ण वाळू द्या. मग एका जागी लिंबाची फोड उपडी ठेवा, दुसऱ्या जागी फोडणीच्या गरम तेलात हळद कालवून तिचा ठिपका द्या, तिसरीकडे आमसूल भिजवलेलं पाणी, चौथीकडे कोऱ्या चहाचा थेंब आणि पाचवीकडे साधं पाणी. पाण्याकडे पहिली दहा मिनिटं नीट बघा. थेंब पुसल्यावर खाली ओलसर काळपट डाग राहिला तर दगड पाणी शोषतोय आणि उद्या तेलही शोषणार. बाकीचं रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पुसून तुकडा खिडकीच्या उजेडात तिरपा धरा. लिंबाच्या जागी पॉलिश उडून फोडीच्या आकाराचं निस्तेज वर्तुळ उठलं असेल तर तो दगड चुनखडीच्या कुळातला आहे. बोट फिरवलं तर तिथला खरखरीतपणाही जाणवतो. तो डाग नव्हे, दगडाचा वरचा पापुद्राच खाल्ला गेलेला असतो, त्यामुळे कोणत्याही साबणाने तो निघत नाही. पुन्हा पॉलिश करणं एवढाच उपाय.

या परीक्षेत कडाप्पा नापास होतो. आंध्रातल्या कडपा जिल्ह्याच्या नावाने विकला जाणारा हा काळा दगड चुनखडीचा आहे. शहाबादी आणि कोटा ही त्याचीच भावंडं. आपल्याकडच्या जुन्या घरांत कडाप्प्याचे ओटे अजून टिकून आहेत, पण त्यांच्याकडे बघा. चिंच, लिंबू, ताक सांडून सांडून त्यांचा काळा रंग राखाडी झालेला असतो, आणि तेलाचा हात फिरवला की तेवढ्यापुरता परत काळा दिसतो. कडाप्पा ओट्याच्या आत वापरा: उभे आधार, मधली फळी, ग्रॅनाइटच्या खालचा आडवा थर. तिथे त्याला तोड नाही. स्वस्त आहे, कापायला सोपा आहे आणि ओलाव्याने कुजत नाही.

संगमरवराबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही. मकराना असो, अंबाजी असो, नाही तर इटलीहून आलेला महागडा असो, सगळा चुनखडीचाच प्रकार, आणि लिंबाने सगळे सारखेच निस्तेज होतात. देवघराला लावा, ओट्याला नको.

ग्रॅनाइटवर थोडं थांबू, कारण निवड करायची ती इथेच आहे. दुकानात ग्रॅनाइट म्हणून जे मिळतं ते सगळं भूशास्त्राच्या हिशोबाने ग्रॅनाइट नसतं. काळ्या रंगात सोनेरी ठिपके असलेला ब्लॅक गॅलेक्सी आंध्र प्रदेशात प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीच्या खाणींतून येतो आणि तो खरं तर गॅब्रो जातीचा खडक आहे. ते ठिपके ब्रॉन्झाइट नावाच्या खनिजाचे असतात. ओट्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. हे काळे खडक घट्ट आणि जड असतात, पाणी फारच कमी पितात, आणि हळदीचा ठिपका त्यांच्यावर दिसतही नाही. स्टील ग्रे, टॅन ब्राउन हेही ओट्याला चांगले. टॅन ब्राउनच्या काळ्या-तपकिरी नक्षीत सांडलेलं लपतं. लहान मुलांच्या घरात हा फायदा मोठा आहे. फिकट रंगांत मात्र सावध राहा. काश्मीर व्हाइटसारखे पांढुरके दगड सच्छिद्र असतात, तेल पितात. शिवाय त्यातले लालसर ठिपके गार्नेटचे असतात आणि सतत पाणी साचलं तर अशा दगडांवर पिवळट-तांबूस छटा येऊ शकते. फिकट ग्रॅनाइट घ्यायचाच असेल तर पाण्याच्या थेंबाच्या परीक्षेत उतरलेलाच घ्या आणि बसवल्यावर सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा द्रव, लावा.

काळ्या ग्रॅनाइटमध्ये एक फसवणूक चालते. थोडा करडा असलेला दगड रंग किंवा तेल चोळून काळाकुट्ट केलेला असतो. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन पांढऱ्या फडक्यावर घेऊन दगडाच्या कोपऱ्यात जोरात घासा. फडकं काळं झालं तर तिथून निघा. खरा काळा दगड फडक्याला रंग देत नाही. रंगवलेला दगड लावला तर वर्षा-दोन वर्षांत जिथे रोज घासणी फिरते तिथे फिकट पट्टे उमटतात आणि त्यावर काही इलाज राहत नाही.

आता क्वार्ट्झ, म्हणजे कारखान्यात बनवलेला दगड. वजनाच्या सुमारे 90 टक्के क्वार्ट्झची पूड आणि खडी, बाकी पॉलिएस्टर रेझिन आणि रंग. कंपनाने दाबून, भाजून त्याची लादी बनते. ग्रॅनाइटवर याची सरशी एका बाबतीत नक्की आहे: छिद्रं जवळजवळ नाहीत, म्हणून सीलर लागत नाही, लिंबाने काही होत नाही, आणि लादी-लादीत रंगाचा फरक कमी. ज्या घरात स्वयंपाक माफक आणि पुसण्याची शिस्त आहे तिथे तो सुरेख राहतो. अडचण रेझिनची आहे. ते साधारण 150 अंशांच्या पुढे टिकत नाही. फोडणीत मोहरी तडतडते तेव्हा तेल याच्या सहज पुढे गेलेलं असतं. ती कढई घाईत थेट ओट्यावर टेकवली की रेझिन पिवळं पडतं किंवा पांढुरका चट्टा उठतो, कधी लादी चिरते. कुकरच्या आत साधारण 120 अंश असतात, म्हणजे कुकर एखादे वेळी निभावून जाईल, पण तवा आणि कढई नाही. शिवाय पांढऱ्या क्वार्ट्झवर, त्यातही मॅट फिनिशवर, हळदीचं तेल रेंगाळलं तर पिवळी झाक राहते. हळदीचा रंग उन्हाने उडतो, म्हणून खिडकीजवळचा डाग काही दिवसांत फिकटतो. आतल्या कोपऱ्यातला तसाच राहतो. आणि उन्हाचंच दुसरं टोक सांगायचं तर ड्राय बाल्कनीत किंवा गच्चीवर क्वार्ट्झ लावू नका, कडक उन्हात त्यातलं रेझिन पिवळं पडतं.

पण तुमच्यासाठी क्वार्ट्झ नको म्हणण्याचं माझं सर्वांत मोठं कारण वेगळंच आहे, आणि ते मी मनापासून सांगते आहे. दगड कोरडा कापला की जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ या खनिजाचं, म्हणजे सिलिकाचं, प्रमाण साधारण एक तृतीयांश धरा, काळ्या खडकांत त्याहूनही कमी. कारखान्याच्या क्वार्ट्झमध्ये ते नऊ दशांशांपर्यंत जातं. हे दगड कापणाऱ्या तरुण कामगारांना काही वर्षांतच सिलिकोसिस झाल्याचं जगभर दिसलं, आणि ऑस्ट्रेलियाने तर 1 जुलै 2024 पासून अशा दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे राजस्थानने खाण आणि दगडकाम करणाऱ्यांसाठी 2019 साली सिलिकोसिसचं धोरण आणलं, कारण तिथे या रोगाने घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली आहेत. तुमच्या बाल्कनीत ग्राइंडर घेऊन बसलेला मोल्डिंगवाला तोंडाला रुमाल बांधून दिवसभर लादी कापतो, तेव्हा ती धूळ त्याच्या छातीत जाते आणि तुमच्या घरातही पसरते. काम तुम्ही करवून घेणार असाल तर ही जबाबदारी तुमची आहे. दगड कोणताही असो, कापणं आणि मोल्डिंग शक्यतो दुकानाच्या किंवा कारखान्याच्या ओल्या मशिनवर करून घ्या. घरी जे थोडं कापावंच लागेल ते एकाने ब्लेडवर पाण्याची धार धरून, दुसऱ्याने कापत, आणि दोघांनी निदान एन-95 मास्क लावून. रुमालाने ही धूळ अडत नाही. खाली पडलेला चिखल ओला असतानाच गोळा करा, वाळल्यावर झाडू मारला तर तीच धूळ पुन्हा उडते. पाणी आणि विजेचं यंत्र एकत्र येतंय, म्हणून ज्या सॉकेटवर ग्राइंडर लावणार त्याला 30 मिलिअँपिअरचं ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून आधी बघून घ्या. त्यासाठी मजुरांना चार पैसे जास्त द्यावे लागले तर द्या.

बाकीच्या पर्यायांवरून पटकन जाते. बाजारात नॅनो व्हाइट नावाने मिळणारी दुधासारखी पांढरीशुभ्र लादी म्हणजे काचेचा प्रकार. डाग पडत नाही हे खरं, पण गरम-गार झटक्याने तडकू शकते, आणि कड घासताना आतले बुडबुडे उघडे पडून बारीक भोकं दिसतात, त्यांत मळ भरतो. मी ती ओट्याला लावत नाही. कोरियन (हे Corian या ब्रँडवरून पडलेलं नाव), म्हणजे ॲक्रिलिक आणि ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेटची भुकटी मिळून बनलेला पत्रा, हा दिसायला अखंड असतो, सांधा शोधून सापडत नाही, ओरखडा पडला तर घासून काढता येतो. पण गरम भांडं चालत नाही आणि तो बसवायला त्यातलाच कारागीर लागतो. दवाखान्याच्या काउंटरला उत्तम, फोडणीच्या ओट्याला नाही. मोरबीला आता 15 मिलिमीटर जाडीच्या मोठ्या पोर्सिलेन लाद्या बनतात, ओट्याच्या मापाच्या. उष्णता, लिंबू, हळद, ऊन, सगळ्याला टिकतात आणि पांढऱ्या रंगाची तुमची हौस यांत भागू शकते. एकच पथ्य. त्यांची कड कणखर नसते, वरवंटा किंवा कुकर आपटला तर टवका उडतो, आणि सिंक आणि हॉब (दगडात बसवायची शेगडी) यांची भोकं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) किंवा वॉटरजेट (पाण्याच्या जोरदार धारेने कापणाऱ्या) मशिनवर कापून आणावी लागतात. गवंड्याच्या ग्राइंडरने कापायला गेलात तर कोपऱ्यातून चीर जाण्याची शक्यता मोठी. शहरात असं मशिन असलेला विक्रेता जवळ असेल आणि बजेट थोडं ताणता येत असेल तर पांढऱ्यासाठी क्वार्ट्झऐवजी हा विचार करा. लाकडी आणि लॅमिनेटचे टॉप परदेशात लोक हौसेने स्वतः बसवतात, तिथल्या कोरड्या, पुसायच्या स्वयंपाकघरात ते चालतातही. आपल्या धुतल्या जाणाऱ्या ओट्यावर नको.

आता तुमचा जुना दगड सिंकपाशीच का तडकला, याकडे येते. नवा दगड कितीही भारी घेतलात तरी हे कारण दूर केलं नाही तर तोही तिथेच तडकेल. ओट्याची खोली साधारण दोन फूट. त्यात सिंकचं भोक पाडलं की पुढे आणि मागे दोन-तीन इंचांच्या दोन पट्ट्या उरतात. अख्ख्या लादीचा सगळा ताण त्या दोन पट्ट्यांवर येतो. त्यातून भोकाचा कोपरा ग्राइंडरने काटकोनात कापताना ब्लेड थोडं पुढे जातं आणि कोपऱ्याबाहेर केसासारखी खाच राहते. चीर तिथूनच निघते. म्हणून आधी चारही कोपऱ्यांवर कोअर बिटने (नळीसारख्या पोकळ ड्रिल बिटने) गोल भोकं पाडायला सांगा आणि मग ती भोकं सरळ कापाने जोडायला सांगा. कोपरा गोल राहिला की ताण एका बिंदूत साठत नाही. सिंकच्या दोन्ही बाजूंना उभा कडाप्पा हवा, आणि पुढच्या-मागच्या पट्टीखाली आडवी कडाप्प्याची किंवा ग्रॅनाइटची पट्टी इपॉक्सीने चिकटवून घ्या. हॉबच्या भोकालाही हेच. तुम्ही खाली लटकणारा सिंक घेणार असाल तर त्याचं वजन, भांड्यांनी आणि पाण्याने भरल्यावरचं, नुसत्या सिलिकॉनवर सोडू नका. त्याला खालून अँगलचा किंवा कडाप्प्याच्या कडेचा आधार द्या.

एल आकारात जोड येणारच. तो कोपऱ्यात आणि उभ्या आधाराच्या बरोबर वर घ्या, सिंकच्या किंवा हॉबच्या भोकातून जाणार नाही असा. काही जण दगड वाचवायला जोड सिंकच्या मध्यावर घेतात. तिथे सतत पाणी असतं, आणि थोड्याच दिवसांत जोड काळा पडतो. जोड पांढऱ्या सिमेंटने भरू नका. दगडाच्या रंगाचं इपॉक्सी भरून घासून घ्या. भिंतीच्या टाइल आणि ओटा यांमधल्या सांध्यात न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन काही दगडांवर डाग पाडतं. हा सांधा उघडा राहिला तर झुरळांना तिथेच घर मिळतं.

दुकानात जाण्यापूर्वी उंची आणि ट्रॉल्या ठरवून घ्या, कारण उभ्या कडाप्प्यांमधलं अंतर त्यांवरून ठरतं. स्टीलच्या बास्केट ठरावीक रुंदीत येतात, 15, 17, 19, 21 इंच अशा. आधी कडाप्पे लावून मागून बास्केट शोधायला गेलात तर दोन इंच इकडे, तीन इंच तिकडे अशी जागा वाया जाते. उंची मोजायची ती ओट्यापाशी जी सर्वांत जास्त वेळ उभी राहते तिची. कोपर काटकोनात वाकवून ताठ उभं राहायचं आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओट्याची पातळी धरायची. बहुतेक घरांत ती 32 ते 34 इंचांत येते. शेगडी ओट्याच्या वर ठेवणार असाल तर खालचं टोक धरा, कारण भांडं आणखी चार-सहा इंच वर जातं. हॉब दगडात बसवणार असाल तर वरचं टोक चालेल. तुमच्या घरात दोघी उभ्या राहणार असतील आणि उंचीत फरक असेल तर सिंककडची बाजू एक-दोन इंच उंच करता येते. भांडी घासताना सिंकच्या तळाशी हात घालावा लागतो, त्यामुळे खालच्या ओट्यापेक्षा उंच सिंकपाशी पाठ कमी दुखते.

दगड घ्यायला गेलात की मोठ्या गँगसॉ लाद्यांपुढे अडकू नका. ओट्याला दोन फुटांपेक्षा थोडी जास्त रुंदी पुरते, आणि कटर साइज म्हणून मिळणाऱ्या अरुंद लाद्या साधारण त्याच मापाच्या असतात, वाया कमी जातं. जाडी सुतात विचारा, पाच सूत म्हणजे 16 मिलिमीटर, सहा सूत म्हणजे 19. खाली कडाप्प्याचा आडवा थर देणार असाल तर पाच-साडेपाच सूत चालेल, नुसत्या उभ्या आधारांवर ठेवणार असाल तर सहा सूत घ्या, आणि लादीच्या दोन्ही टोकांना मोजा, कारण जाडी सगळीकडे सारखी नसते. लादी उभी करून वर पाणी ओता, पुसा आणि वाळताना बघत राहा. सगळा दगड वाळला तरी एखादी रेघ ओली राहिली तर ती चीर आहे. नाण्याने टकटक करा. खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर ती लादी सोडा. मागच्या बाजूला फायबरची जाळी चिकटवलेली असेल तर दगड मुळात नाजूक आहे आणि जाळीने धरून ठेवलाय, असं समजा. दर चौरस फुटाचा ठरवाल, पण माप तयार ओट्याचं धरणार की अख्ख्या लादीचं, मोल्डिंग रनिंग फुटावर किती, सिंक-हॉबच्या भोकांचे वेगळे किती आणि वाहतूक कोणाची, हे कागदावर लिहून घ्या. दगड स्वस्त लावून मजुरीत वसूल करण्याची रीत सगळीकडे आहे.

वजनाचा हिशोबही करून ठेवा. 20 मिलिमीटर ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण पाच किलो भरतो. आठ बाय दोन फुटांची लादी म्हणजे 80 किलो. ती सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यावरून चौघांनी उभी धरूनच आणावी लागते. आडवी धरली तर स्वतःच्या वजनानेच मोडते, आणि भोक पाडलेली असेल तर हमखास. म्हणून जिना अरुंद असेल तर सिंकचं भोक वर आणल्यावर पाडणं भाग पडतं. मग वर सांगितलेलं पाणी आणि मास्क दोन्ही आलेच.

कडेची पट्टी साधी ठेवा. पुढची कड अर्धगोल करून घ्या. धुताना पाणी पायावर येऊ नये म्हणून कडेला पाव इंच उंचीची पट्टी अनेक घरांत लावतात. धुणार असाल तर ती लावाच, आणि गवंड्याला सिंककडे अगदी हलका उतार द्यायला सांगा. ओटा उभ्या कडाप्प्यांच्या पुढे इंच-दीड इंच बाहेर काढा आणि त्या बाहेरच्या भागाच्या खालून कडेपासून अर्धा इंच आत ब्लेडने बारीक खाच मारून घ्या. कडेवरून ओघळलेलं पाणी त्या खाचेशी थांबून खाली गळतं, आत ट्रॉल्यांकडे जात नाही. एवढ्याशा खाचेने ट्रॉल्यांच्या चॅनलचं आयुष्य वाढतं, आणि कारागिराला तुम्ही सांगितल्याशिवाय ती तो मारत नाही.

खलबत्ता आणि नारळ फोडणं यांची जागाही ठरवा. ग्रॅनाइट कणखर असला तरी आधारांच्या मधोमध ठोकलं तर तडकू शकतो. उभ्या कडाप्प्याच्या बरोबर वरची जागा घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. तापलेली कढई ग्रॅनाइटला चालते, तरी सिंकपुढच्या अरुंद पट्टीवर ती टेकवू नका, चुंबळ किंवा लाकडी पाटली ठेवा.

आता बाथरूमचा काउंटर, जो तुम्ही स्वतः करणार आहात. इथे तेल-हळद-कढई काही नाही, म्हणून दगडाची निवड सोपी, आणि चुकलं तरी लादी लहान. तीन फूट लांब, दीड फूट खोल काउंटर ग्रॅनाइटमध्ये 22-23 किलोंचा होतो, दोघांना उचलता येतो. ओट्याच्या लादीतून उरलेला तुकडा मिळतोय का ते आधी पाहा. तो मोल्डिंगवाल्याकडूनच कापून, कड घासून आणि नळ-बेसिनची भोकं पाडून आणा. मग तुमच्याकडे उरतं ते बसवणं. बेसिन विकत घेऊन, त्याच्यासोबतचा कागदी साचा घेऊनच त्याच्याकडे जा. अंदाजाने सांगितलेलं भोक एक सेंटिमीटर जरी सरकलं तरी नळाची धार बेसिनच्या काठावर पडते. वरून ठेवायचं वाडग्यासारखं बेसिन घेतलंत तर काउंटर दोन-अडीच फुटांवर ठेवा, नाही तर मुलांचे हात पोचत नाहीत.

भिंत कसली आहे ते तपासा. जुन्या इमारतींत बाथरूमची आतली भिंत अनेकदा चार इंची विटांची असते. तिच्यात ब्रॅकेट ठोकून काउंटर लटकवू नका. दोन्ही बाजूंना उभे कडाप्पे किंवा रंगवलेल्या अँगलची चौकट जमिनीवर टेकवा आणि भिंतीला फक्त धरून ठेवण्यापुरती जोडा. भोक पाडण्याआधी नळाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत कन्सील्ड (भिंतीत लपवलेला) पाइप गेलाय असं धरून ती जागा टाळा.

टाइलचा काउंटर करायचा असेल तर खाली कडाप्पा किंवा सिमेंट बोर्ड घ्या, प्लाय नको. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे साध्या सिमेंटच्या रबडीवर ती धरत नाही, काही महिन्यांत पोकळ वाजू लागते. पॉलिमरवाला टाइल ॲडहेसिव्ह घ्या, खाचांच्या थापीने पसरा आणि टाइलच्या पाठीवरही पातळ हात मारा. कापताना दातांचं ब्लेड वापरू नका, अखंड कडेचं डायमंड ब्लेड लावा, रेघेवर मास्किंग टेप चिकटवा आणि पाणी मारत हळू जा. पुढच्या कडेला टाइलची दुसरी पट्टी 45 अंशांत जोडायची हौस बहुतेकांना असते. ती कड हाताने नीट येत नाही आणि टवके उडतात. ॲल्युमिनियम किंवा स्टीलची प्रोफाइल पट्टी लावा, स्वच्छ दिसते.

शेवटचा मुद्दा पाण्याचा. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर नळाभोवती पांढरा क्षार जमतो, आणि चकचकीत काळ्या दगडावर तो सगळ्यांत आधी दिसतो. अशा घरात बेसिनला काळा गुळगुळीत ग्रॅनाइट न लावता करडा किंवा ठिपक्यांचा लावा. क्षार काढायला लोक टॉयलेट क्लीनर ओततात. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते कडाप्पा आणि संगमरवराला खातं आणि सांध्यातलं सिमेंटही पोखरतं. रोज रात्री फडक्याने काउंटर कोरडा करणं पुरतं. जमलेला क्षार ग्रॅनाइट किंवा टाइलवर असेल तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरचं फडकं पाच मिनिटं ठेवून लगेच भरपूर पाण्याने धुवा, सांध्यांवर ते जाऊ देऊ नका. सिलिकॉन लावल्यावर पहिले चोवीस तास बेसिन वापरू नका, आणि ग्रॅनाइटला सीलर लावायचा असेल तर दगड पूर्ण वाळल्यावर लावा. बसवल्यावर निदान आठवडाभर थांबलात तर आतला ओलावा बाहेर पडून जातो. ओल्या दगडावर सीलर मारला तर तो ओलावा आत अडकून काळपट पट्टे दिसत राहतात.